तेराव्या वर्षीचा योहान

नक्कल केली की मी चित्रकलेच्या तासाला मुलांवर डाफरायचे. मुघल चित्रकार अबुल हसनचं रेखाटन पाहिलं आणि गप्प झाले.

गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580 मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबरापुढे उभे राहिले, ते अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल घेऊन. पुढे युरोपातली छापील चित्रं मुघल चित्रशाळेत रुळली. 1600 च्या सुमारास तेरा वर्षांच्या अबुलने जर्मन चित्रकार ड्यूररच्या 1511 च्या क्रूसचित्रातून येशूचा शोकमग्न शिष्य योहान तेवढा उचलला. क्रूस नाही, मेरी नाही. फक्त गुंफलेले हात आणि वस्त्राच्या चुण्या, केसासारख्या बारीक रेघांत. शिवाय कागदावर स्वतःचं वयही नोंदवलेलं, पोरगंच ते! जहांगीरने पुढे त्याला ‘नादिर-उझ-जमान’ हा किताब दिला. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.