अस्मानी-सुलतानीचं कलम

मला एक खोड आहे. जुने कपडे बोहारणीच्या पाटीत टाकण्याआधी त्यांच्या कॉलरमागची चिठ्ठी मी ब्लेडने उसवून काढतो. पंचवीसेक वर्षांच्या अशा चिठ्ठ्या श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात साठल्या आहेत. नातेवाइकांनी कौतुकाने आणलेल्या ‘अमेरिकेतल्या’ टी-शर्टांची चिठ्ठी हटकून बांगलादेशची निघते. न्यू जर्सीतून आलेला शर्ट मुळात गाझीपूरचा, म्हणजे माझ्यापासून अमेरिकेपेक्षा कितीतरी जवळचा.

२०२०च्या टाळेबंदीत हा डबा उपसून बसलो होतो. दुकानं बंद, लग्नं पुढे ढकललेली, सगळे जण लेंग्यावर. मग शिवून खोक्यांत भरलेल्या त्या सगळ्या कपड्यांचं काय झालं असेल? हा प्रश्न डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही.

करोनाने फॅशनचा धंदा कसा बदलला, यावर तेव्हा पुष्कळ छापून आलं. अरमानीने खुलं पत्र लिहून धंद्याच्या घाईवर कोरडे ओढले. गुचीने वर्षाला पाचऐवजी दोनच शो करायचं जाहीर केलं. मिलानमध्ये मोस्किनोने मॉडेलांऐवजी चक्क कळसूत्री बाहुल्यांना कपडे घालून रॅम्पवर चालवलं. (तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला, कबूल करतो.) दोन वर्षांत रॅम्प पुन्हा गजबजले. आपल्याकडे याला स्मशानवैराग्य म्हणतात. खरा बदल रॅम्पवर झालाच नाही. तो झाला कागदावर, आणि तो कागद गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

माझा एक मित्र तिरुपूरला एका निर्यातदाराकडे मर्चंडायझर होता. एका परदेशी बायरच्या जुन्या पर्चेस ऑर्डरची नावं खोडलेली प्रत त्याने मला वाचायला दिली. पहिल्या पानावर नग, रंग, माप, भाव आणि तारीख. पुढची अठरा पानं मुंगीएवढ्या अक्षरांतल्या अटी. माल उशिरा आला तर कपात, खोका चुकीचा असला तर दंड, चाचणीत रंग उतरला तर सगळा माल परत. चौदाव्या पानावर ‘फोर्स मॅज्योर’चं कलम. युद्ध, पूर, आग, साथीचा रोग असं काही उद्भवलं तर करार पाळायचं बंधन उरत नाही, असा त्याचा मथितार्थ. वाचताना मला आपला जुना जोडशब्द आठवला : अस्मानी-सुलतानी. फरक इतकाच, की आपल्याकडे अस्मानी आली की सारा माफ करा म्हणून रयत अर्ज करायची. इथे अर्ज सावकाराचा होता.

धंद्याची रीत माहीत असल्याशिवाय यातली मेख कळत नाही. बांगलादेशात हा धंदा उभा राहिला तो उधारीवर उधारी चढवून. १९७९मध्ये नूरुल कादर या माजी सनदी अधिकाऱ्याने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि आपली १३० माणसं शिकायला पुसानला पाठवली. परत येऊन त्यांनी चितगावात ‘देश गारमेंट्स’ चालवलं. पुढे त्यातल्या बहुतेकांनी नोकरी सोडून इतरत्र बस्तान बसवलं आणि देशभर शिलाई पसरली. त्याच काळात बॅक-टू-बॅक एलसी रूढ झाली. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, पैसे देण्याची बँकेची हमी; काहीशी आपल्या हुंडीसारखी, पेढीच्या जागी फक्त बँक. बायरच्या एलसीच्या तारणावर कारखानदार कापडासाठी दुसरी एलसी उघडतो. स्वतःच्या खिशात फारसं काही नसताना लाखो शर्ट शिवता येतात ते यामुळे. मात्र पुढे मोठ्या बायरांनी पहिली एलसी हळूहळू बंद केली. माल पाठवा, पैसे साठ किंवा नव्वद दिवसांनी देतो, असा रिवाज पडला. कापडवाल्याची एलसी मात्र कारखानदाराच्या मानेवर तशीच राहिली.

मार्च २०२०मध्ये वरची साखळी तुटली. प्रायमार्कची ऑनलाइन विक्रीच नव्हती. दुकानं बंद होताच महिन्याची ६५ कोटी पौंडांची विक्री शून्यावर आली. ऑर्डरी धडाधड रद्द झाल्या. कापलेल्या, अर्धवट शिवलेल्या, बंदरात उभ्या असलेल्यासुद्धा. बांगलादेशच्या कारखानदार संघटनेने, बीजीएमईएने, रद्द मालाची रोजची बेरीज सुरू केली. ती तक्त्यासारखी वाचत गेलं की अंगावर येते : ११५० कारखाने, ९८.२ कोटी नग, ३१८ कोटी डॉलर, २२.८ लाख कामगार. पेन स्टेट विद्यापीठाच्या मार्क ॲनर यांनी घाईघाईने पाहणी करून २७ मार्चला अहवाल काढला. ऑर्डर रद्द करताना ७२.१ टक्के बायरांनी विकत घेतलेल्या कच्च्या मालाचे पैसे नाकारले होते, कापणी-शिलाईचे ९१.३ टक्क्यांनी. कलम चौदाव्या पानावरून पहिल्या पानावर आलं होतं.

या कागदाशी भांडायला उभी राहिली ती एक कवयित्री. रुबाना हक २०१९मध्ये बीजीएमईएच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या होत्या. पती अनिसुल हक ढाका उत्तरचे महापौर, २०१७मध्ये वारले. बाईंनी जादवपूर विद्यापीठात पीएचडी केली ती कोलकात्याच्या पी. लाल यांच्या ‘रायटर्स वर्कशॉप’ या प्रकाशनावर. हे प्रकाशन पुस्तकांची बांधणी हातमागाच्या साडीच्या कापडात करायचं, हे कळल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी जगभरच्या बायरांना उद्देशून व्हिडिओ काढला. सूर संयमी, मागणी नेमकी : शिवून झालेला आणि शिवला जात असलेला माल घ्या, नाहीतर ४१ लाख माणसं उपाशी राहतील. एचअँडएमने पैसे द्यायचं मान्य केलं. समाजमाध्यमांवर ‘पे अप’ची हाळी उठली आणि एकेक करून बाकीचेही वळू लागले. अस्मानी म्हणून जे टळत होतं, ते चारचौघांत नाव निघाल्यावर द्यायला जमलं.

मे महिन्यात बीजीएमईएने ब्रिटनच्या एडिंबरा वुलन मिल समूहाला पत्र धाडलं : थकबाकी चुकवा, नाहीतर आमचे कारखाने तुमच्यासाठी शिवणार नाहीत. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला काळ्या यादीची धमकी द्यायची, हे या धंद्यात आक्रीतच. नोव्हेंबरमध्ये त्या समूहाचंच दिवाळं वाजलं, तो भाग वेगळा.

बाईंची आरती ओवाळायचा मोह होतो, पण ४ एप्रिल आड येतो. कारखाने ५ तारखेला उघडणार, या समजुतीने सुटीत गावी गेलेले हजारो कामगार वाहनं बंद असताना चालत ढाक्याकडे निघाले. सुटी वाढवण्याचं आवाहन संघटनेने केलं ते ४ तारखेच्या रात्री, माणसं पोचल्यावर. जूनमध्ये नोकरकपात अटळ असल्याचं बोलून बाईंनी आणखी रोष ओढवून घेतला. बायरपुढे कामगारांच्या भुकेची ढाल करणारे मालक आतल्या बाजूला कसे वागतात, तो वेगळा लेख होईल. आपल्या गिरणी संपाच्या आठवणी असलेल्यांना तो वाचायचीही गरज नाही.

बांगलादेश सरकारने मजुरीसाठी ५००० कोटी टक्यांचं कर्ज दिलं, दोन टक्के आकारावर. अट एक : पगार रोखीने नाही, थेट कामगाराच्या खात्यात. एप्रिलमध्ये लाखोंनी मोबाइल खाती उघडली गेली. साथीने घडवलेल्या बदलांत मला हा सर्वांत टिकाऊ वाटतो. तो फोन घरात कुणाच्या हातात असतो, हा पुढचा प्रश्न.

आपला लेंगाही आकड्यांत दिसतो. एप्रिल २०२०मध्ये बांगलादेशची कपडेनिर्यात जेमतेम ३७ कोटी डॉलरवर आली, आदल्या एप्रिलपेक्षा ८५ टक्के कमी. नंतर ऑर्डरी परतल्या त्या टी-शर्ट, ट्रॅकपँट, स्वेटरच्या. त्याआधीची काही वर्षं मागावरच्या कापडाचे शर्ट-पँट पुढे असायचे. २०२०-२१मध्ये होजियरी जवळपास १७०० कोटी डॉलरवर गेली आणि शर्ट-पँट साडेचौदाशे कोटींवर अडकले. घरून काम करणाऱ्यांनी इस्त्रीला दिलेली सुटी ही. कारखान्यांना ती सोयीची होती : मागावरचं कापड बरंचसं चीनमधून यायचं, होजियरीचं सूत बहुतांशी देशातच निघतं. त्यासाठीच्या कापसात आपल्याकडच्या गाठीही असतात.

पण उधारीचं गणित? वेगवेगळ्या देशांतल्या कारखानदार संघटना एकत्र आल्या आणि देयकाच्या किमान अटींचा मसुदा त्यांनी २०२१मध्ये काढला. जर्मनीने पुरवठा साखळीचा कायदा केला, तो २०२३पासून लागू झाला. तिरुपूरच्या मित्राला मी विचारलं, नव्या पर्चेस ऑर्डरमध्ये काय बदललं? तो म्हणाला, “ते कलम आता लांबलंय. साथीचं नाव घालून, नीट शिवून घेतलंय.”

रुबाना हक एप्रिल २०२१मध्ये पायउतार झाल्या. पुढच्या वर्षी त्या चितगावच्या एशियन युनिव्हर्सिटी फॉर वुमेनच्या कुलगुरू झाल्या. त्या विद्यापीठात २०१६पासून एक योजना आहे : कपडे शिवणाऱ्या मुली प्रवेशपरीक्षा देऊन शिकायला येतात आणि त्या शिकत असताना त्यांचा कारखाना त्यांचा पगार चालू ठेवतो. नूरुल कादरचा कारखानाही याच शहरात होता.