पराभवाला किंमत होती तेव्हाचा हायनेकेन कप

जानेवारी २०२४ मध्ये आयर्लंडचा मन्स्टर संघ युरोपियन रग्बी चॅम्पियन्स कपच्या बाद फेरीत पोचला. चार सामन्यांत त्याची कमाई होती एक विजय, एक बरोबरी आणि दोन पराभव. लिमरिकच्या ज्या थॉमंड पार्कवर भले भले संघ हात हलवत परतायचे, तिथेच बायोनने मन्स्टरला बरोबरीत रोखलं आणि नॉर्दम्प्टनने तर हरवलं. तरीही पुढच्या फेरीचं तिकीट पक्कं! चोवीसपैकी सोळा संघ पुढे जाणार असतील तर हरण्याची धास्ती कुणाला वाटेल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ही स्पर्धा तीस वर्षांची झाली. तिचं काय हरवलं हे शोधायचं तर या शतकाच्या पहिल्या दशकाकडे, म्हणजे २००० ते २००९ या वर्षांकडे जावं लागतं.

त्याआधीच्या वर्षांत फार रमण्यासारखं नाही. ३१ ऑक्टोबर १९९५ रोजी रुमानियात, काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्तान्त्सा शहरात, टूलूजने फारुल संघाला ५४-१० असं धुतलं आणि ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा हायनेकेन बिअरच्या नावाने, हायनेकेन कप म्हणून. फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातींवर कायद्याची बंधनं, म्हणून तिथे तो नुसता ‘एच कप’. पहिल्या वर्षी बारा संघ होते, त्यात इंग्लंड-स्कॉटलंडचा एकही नाही. इंग्लिश क्लब दुसऱ्या वर्षी आले आणि चौथ्या वर्षी रुसून बाहेर बसले. आदल्या हंगामाचा विजेता बाथ आपला कप राखायला मैदानात उतरलाच नाही. त्या मोसमात अल्स्टरने डब्लिनमध्ये कोलोमियेला २१-६ असं हरवून आयर्लंडला पहिला कप मिळवून दिला.

खरी रंगत इंग्लिश मंडळी परतल्यावर आली. सहा गट, प्रत्येक गटात चार संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, एकदा आपल्या अंगणात आणि एकदा त्याच्या. सहा गटविजेते आणि सर्वांत सरस दोन उपविजेते, एवढेच आठ जण उपांत्यपूर्व फेरीत. डिसेंबरमध्ये ज्याने हरवलं त्याच्याशी आठवड्याभरात पुन्हा गाठ पडायची आणि हिशेब तिथल्या तिथे चुकता व्हायचा. जानेवारी उजाडला की क्रिकेटमधल्या रनरेटसारखी आकडेमोड सुरू.

या आकडेमोडीचा कळस १८ जानेवारी २००३ रोजी थॉमंड पार्कवर गाठला गेला. समोर ग्लॉस्टर होता. मन्स्टरला पुढे जायचं तर चार ट्राय (समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) हवे होते आणि विजय किमान २७ गुणांनी हवा होता. इंग्लंडच्या तगड्या क्लबाविरुद्ध ही मागणी अशक्य कोटीतलीच. सामना संपता संपता जॉन केलीने चौथा ट्राय केला, ३१-६. रोनन ओगाराने ट्रायनंतर मिळणारी कन्व्हर्जनची किक गोलपोस्टमधून पार केली, ३३-६. फरक बरोबर २७. ग्लॉस्टर घरी गेला. आयर्लंडमध्ये तो सामना आजही ‘चमत्काराचा सामना’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे जाण्यासाठी २७ गुणांनी जिंकावं लागलेला मन्स्टर आणि दोनदा हरूनही पुढे गेलेला मन्स्टर यांच्यात एकवीस वर्षांचं अंतर आहे.

त्या दशकाचा नायक मन्स्टरच, पण नशीब म्हणाल तर फुटकं. २००० च्या अंतिम सामन्यात नॉर्दम्प्टनकडून ९-८ अशी हार, ओगाराची शेवटची पेनल्टी किक हुकलेली. २००१ च्या उपांत्य सामन्यात स्टाड फ्रान्सेकडून १६-१५. जॉन ओनीलचा ट्राय नाकारला गेला, तो मात्र वैध होता असं मन्स्टरचे पाठीराखे आजही सांगतात. २००३ च्या उपांत्य सामन्यात टूलूजकडून १३-१२. चार वर्षांत तीनदा, आणि तीनही वेळा एकाच गुणाने.

मधल्या २००२ सालची जखम वेगळी. कार्डिफला अंतिम सामना, लेस्टर १५-९ ने पुढे, शेवटचे क्षण आणि लेस्टरच्या रेषेजवळ मन्स्टरचा स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या खेळाडूंची चेंडूसाठीची झुंज. मन्स्टरचा पीटर स्ट्रिंगर चेंडू आत टाकणार एवढ्यात लेस्टरच्या नील बॅकने त्याच्या हातावर फटका मारून चेंडू आपल्या बाजूला पाडला. पंच दुसऱ्या बाजूला होते, त्यांना दिसलं नाही. लेस्टरने सलग दुसऱ्यांदा कप उचलला. याला चलाखी म्हणणारे इंग्लंडमध्ये खूप सापडतील. पण ती चोरी होती, आणि शिक्षा न झाल्याने चोरीची चलाखी होत नाही.

भरपाई चार वर्षांनी झाली, त्याच कार्डिफमध्ये. २० मे २००६ रोजी मन्स्टरने बिआरित्झला २३-१९ असं हरवलं. स्क्रमच्या अरुंद बाजूने निसटून ट्राय करणारा होता तोच स्ट्रिंगर. सामना चालू असताना स्टेडियमच्या पडद्यावर लिमरिकच्या ओकॉनेल स्ट्रीटवर लोटलेली गर्दी दिसली आणि स्टेडियम दणाणलं. कप उचलला कर्णधार अँथनी फोलीने. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, संघाचा प्रशिक्षक म्हणून पॅरिसला गेलेला फोली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला.

दशकाची अखेर झाली ती २००९ च्या वसंतात. एप्रिलमध्ये लंडनला लेन्स्टरविरुद्ध हार्लेक्विन्सच्या टॉम विल्यम्सने तोंडात नकली रक्ताची कॅप्सूल फोडली; हेतू हा, की बाहेर गेलेल्या निक एव्हन्सला किक मारायला परत आणता यावं. एव्हन्सची किक चुकली, लेन्स्टर ६-५ ने जिंकला आणि प्रशिक्षक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली. २ मे रोजी उपांत्य सामन्यात डब्लिनच्या क्रोक पार्कवर लेन्स्टरने मन्स्टरला २५-६ असं लोळवलं. ८२,२०८ प्रेक्षक, क्लब रग्बीत तोवरचा विक्रम. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या उपांत्य सामन्यात कार्डिफ आणि लेस्टर जादा वेळेनंतरही २६-२६. निकाल लागला किक मारण्याच्या चढाओढीत: कार्डिफच्या मार्टिन विल्यम्सची किक हुकली, लेस्टरच्या जॉर्डन क्रेनची गेली. अखेर कप नेला लेन्स्टरने.

मग पैशाचं भांडण आलं. इंग्लिश आणि फ्रेंच क्लबांना उत्पन्नात मोठा वाटा हवा होता, प्रक्षेपणाचे हक्क हातात हवे होते. त्यांची एक तक्रार रास्त होती: आपल्या लीगमध्ये तळाला राहूनही केल्टिक देशांच्या (आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड) काही संघांना प्रवेश मिळत होता. पण दुरुस्ती करायची सोडून त्यांनी घरच मोडलं. २०१४ मध्ये डब्लिनमधून चालणारी जुनी संस्था गेली, नवी स्वित्झर्लंडमध्ये थाटली गेली, उत्पन्नाचे तीन लीगमध्ये समान तीन वाटे झाले. पैशाने क्लब तगले असंही नाही. दोनदा कप जिंकलेला वॉस्प्स २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेला.

त्यानंतर करोनाच्या निमित्ताने गटांची मोडतोड झाली आणि ती तशीच राहिली. २०२२ पासून दक्षिण आफ्रिकेचे संघ ‘युरोपियन’ कपात आले. एप्रिल २०२४ मध्ये प्रिटोरियाच्या बुल्सने उपांत्यपूर्व सामन्यासाठी नॉर्दम्प्टनला दुय्यम संघ पाठवला आणि ५९-२२ असा मार खाल्ला. एवढा लांबचा प्रवास, त्यात घरच्या लीगचं वेळापत्रक; दोष खेळाडूंना देता येत नाही.

खेळ मात्र उणावलेला नाही. ला रोशेलने २०२३ मध्ये डब्लिनमध्ये लेन्स्टरला २७-२६ असं हरवलं, २०२४ मध्ये टूलूजने जादा वेळेत सहावा कप जिंकला. अंतिम सामने आजही उत्तम होतात. पडला आहे तो डिसेंबर-जानेवारीचा कप, आणि तो सावरायला नवं काही शोधून काढावं लागणार नाही. चार-चारचे गट, प्रत्येकाशी दोन सामने आणि पुढे फक्त आठ संघ, एवढं परत आणलं तरी पुरे.