वाटाणा, कळणा आणि डोळ्यांची ओढाताण

६ डिसेंबर २०२४ रोजी ‘पीएम ई-विद्या’ या सरकारी शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची वाहिनी सुरू झाली, चोवीस तास, भारतीय सांकेतिक भाषेसाठी. उशिरा का होईना, चांगलं झालं. आता समजा, खान्देशातल्या नरडाणा गावातल्या एखाद्या वर्गात ऐकू येणारी आणि कर्णबधिर मुलं एकत्र बसली आहेत आणि बाईंनी सकस आहारावरचं कार्टून लावलं. सगळ्यांना सारखंच कळेल?

सहसा नाही. ऐकणारं मूल चित्र डोळ्यांनी घेतं, निवेदन कानांनी. कर्णबधिर मुलाचे डोळेच दोन्ही कामं करतात. कोपऱ्यातल्या चौकटीत दुभाषी खुणा करतोय. तिकडे पाहावं तर इकडे गाजर उड्या मारून निघून जातं. त्यातच खाली अक्षरंही पळवली की झालंच! आधी खूण, मग थोडा दम, मग चित्र, असा क्रम ठेवला तर मुलाला दोन्ही पाहता येतं. कार्टून संथ होतं, होऊ द्यावं.

नुसत्या चित्रातून धडा सांगणं दादासाहेब फाळक्यांना जमलं होतं, तेही १९१२ मध्ये. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ, लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यानं रोपाची एकेक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात वाटाण्याला कोंब फुटला, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हा तो चित्रपट. तो पाहून कर्ज देणारे पुढे आले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. आपण गोडवे हरिश्चंद्राचे गातो. मला मात्र तो वाटाणाच थोर वाटतो. निवेदकाचा पत्ता नाही, सगळा धडा चित्रात. मूकपटाच्या त्या काळात बहिरा आणि ऐकणारा प्रेक्षक बरोबरीनं बसत होता.

आता आहाराकडे वळू. आहाराबद्दल मुलं बरंच काही जेवताना कानांवर पडून शिकतात. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आई-वडील ऐकणारे असतात आणि घरात खुणांची भाषा क्वचितच कुणाला येते. भाकरी मुलाच्या ताटात पडते, तिच्याबद्दलचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून खान्देशातल्या मुलांच्या कार्टूनमध्ये ब्रोकोली कशाला? कळण्याची भाकर दाखवा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं हे पीठ. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, ती ज्वारी भरून काढते. दोन रांगांतल्या रिकाम्या जागा एकमेकींनी भरल्या, एवढं चित्र पुरे. शब्दसुद्धा लागत नाही.

पण व्हिडिओ पाहून मुलं पालेभाजी खाऊ लागतात, या जाहिरातीवर माझा विश्वास नाही. लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये लहान मुलांना काही अनोळखी फळं नुसती दाखवली, काही चाखायला दिली. पाहिलेली फळं दिसायला आवडू लागली; चव आवडायला मात्र ती पुन्हा पुन्हा चाखावी लागली. अॅनिमेशन कितीही देखणं असो, जिभेचं काम ते करत नाही.

तेव्हा शिक्षकांनो, कार्टून निवडताना आधी आवाज पूर्ण बंद करून स्वतः पाहा. धडा कळला नाही तर ते बाजूला ठेवा. कळला, तर शाळेतल्या खिचडीच्या सुट्टीआधी दाखवा आणि त्याच दिवशी त्यातली भाजी ताटात वाढा.