माकडताप : नावातला आरोप

शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात १९५७ साली ओळखला गेलेला ज्वर कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ झाला. २०१६ साली तो दोडामार्ग तालुक्यात पसरला, तेव्हा मराठीनेही त्यास ‘माकडताप’ म्हटले. वस्तुतः वानर-माकडे या विषाणूने स्वतःच मरतात. त्यांच्या देहावरून उतरलेल्या गोचिडींमुळे ती जागा माणसाला धोक्याची होते. प्रौढ गोचिडींना पोसतात ती रानात चरणारी गुरे. परंतु ती आजारी पडत नाहीत, म्हणून नावातूनही सुटतात. इंग्लंडमध्ये उलट घडले : क्षयाच्या नावात गाय, आणि २०१३ पासून मोहीम काढून मारला गेला तो कायद्याने संरक्षित बॅजर. दोडामार्गात काजूच्या हंगामात मेलेले माकड आढळणे हीच पहिली सूचना असते; ती वेळीच पोचली तर लोकांना त्या बागेत जाण्यापासून थांबविता येते.