आठ गुंठ्यांचे मैदान : हँडबॉल आणि भारताचा पुरुष संघ

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात मंडईची धामधूम सुरू होते आणि धान घरी आले की गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. चपळ पाय, तीक्ष्ण नजर आणि क्षणात निर्णय घेण्याची सवय हे गुण आपल्या ग्रामीण युवकांच्या अंगी उपजतच असतात. याच गुणांवर आधारलेला आणखी एक खेळ आहे. आंतरराष्ट्रीय क्षेत्रात त्याला मोठा मान असला तरी आपल्याकडे तो पुरेसा परिचित नाही. हा खेळ म्हणजे हँडबॉल.

विदर्भाशी या खेळाचे नाते जुने आहे. 1972 साली भारतीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी हरियाणातील रोहतक येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तीत हरियाणा विजेता ठरला, तर विदर्भाचा संघ उपविजेता. योगायोग असा की, पुरुषांच्या सात खेळाडूंच्या हँडबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला तोही 1972 मध्येच, म्युनिक येथे. म्हणजे हा खेळ जगाच्या मोठ्या व्यासपीठावर आला, तेव्हा विदर्भातील खेळाडू देशात पहिल्या रांगेत उभे होते.

खेळ समजण्यास सोपा आहे. मैदान 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद असते. प्रत्येक संघात गोलरक्षकासह सात खेळाडू असतात आणि 30 मिनिटांचे दोन डाव होतात. गोल 3 मीटर रुंद व 2 मीटर उंच असतो. त्याच्यासमोर 6 मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत केवळ गोलरक्षकाला उभे राहता येते. मात्र रेषेबाहेरून झेप घेऊन, पाय जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू फेकण्यास मुभा आहे. चेंडू हाती घेऊन तीनपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत आणि तीन सेकंदांहून अधिक काळ तो रोखून धरता येत नाही. त्यामुळे खेळाला सतत वेग राहतो. आडदांडपणा करणाऱ्यास दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूवाचून खेळतो. शिस्तीचा याहून रोकडा धडा क्वचितच मिळेल.

आता आपल्या पुरुष संघाच्या कामगिरीकडे वळू. 1982 साली नवी दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत हँडबॉलचा प्रथमच समावेश झाला. यजमान म्हणून भारत खेळला. सुवर्णपदक मात्र चीनने, रौप्य जपानने आणि कांस्य दक्षिण कोरियाने मिळविले. त्यानंतर 2023 पर्यंतच्या कोणत्याही आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला पदक लाभले नाही आणि 2025 पर्यंत एकाही जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची पात्रता गाठता आली नाही. दक्षिण आशियात चित्र वेगळे आहे. 2010 मध्ये ढाका येथे पाकिस्तानने सुवर्ण व भारताने रौप्य मिळविले. 2016 मध्ये गुवाहाटीस भारताने पाकिस्तानला 32-31 असे नमवून सुवर्णपदक जिंकले. 2019 मध्ये पाकिस्तानने 30-29 अशी परतफेड केली. शेजारी देशाशी आपली झुंज अशी एकेका गोलाची. आशियातील अग्रणी देशांशी असलेले अंतर मात्र मोठे आहे.

हे अंतर आशियाई देशांना पार करता येत नाही, असे नव्हे. दक्षिण कोरियाच्या पुरुषांनी 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले आणि कतारचा संघ 2015 च्या जागतिक स्पर्धेत उपविजेता ठरला. आपली अडचण कौशल्याच्या अभावाची नसून पायाच्या अरुंदपणाची आहे. सेनादल, रेल्वे आणि मोजक्या राज्यांतून खेळाडू पुढे येतात. ज्या वयात हात व नजर यांचा मेळ बसतो, त्या शालेय वयात बहुसंख्य मुलांच्या हाती हा चेंडू पडतच नाही.

पाया रुंद केला तर काय घडते, याचे उदाहरण मुलींनी घालून दिले आहे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील मोरसिंघी या खेड्यात एका प्रशिक्षक दांपत्याने हँडबॉलचे केंद्र उभारले. त्यातून राष्ट्रीय महिला संघाला अनेक खेळाडू मिळाल्या. मार्च 2022 मध्ये अलमाटी येथे भारताच्या कनिष्ठ महिला संघाने आशियाई अजिंक्यपद पटकाविले आणि त्याच वर्षी हा संघ कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत उतरला. पुरुष संघाला जे साधले नाही, ते खेड्यापाड्यांतील मुलींनी करून दाखविले. महाराष्ट्रालाही आशेस जागा आहे. 2023 च्या पहिल्या प्रीमियर हँडबॉल लीगचे विजेतेपद महाराष्ट्र आयर्नमेन या संघाकडे आले.

आपल्या गावांच्या दृष्टीने एक हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. हँडबॉलच्या मैदानाचे क्षेत्रफळ 800 चौरस मीटर, म्हणजे सुमारे आठ गुंठे. फुटबॉलच्या पूर्ण मैदानास सत्तर गुंठ्यांच्या आसपास जागा लागते. सपाट केलेली जमीन, फक्कीने आखलेल्या रेषा, गावच्या कारागिराने घडविलेले दोन गोल आणि मुलांच्या हाताला पेलतील असे चार चेंडू एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. शालेय क्रीडा स्पर्धांत या खेळास स्थान असल्याने तालुक्यापासून राज्यापर्यंतची वाटही आखलेली आहे.

शिक्षकांनी नियम समजून घ्यावेत, पंचायत सदस्यांनी शाळेलगतची आठ गुंठे जागा राखावी आणि अधिकाऱ्यांनी स्पर्धा वेळेवर भरवाव्यात. 2019 मध्ये सुवर्ण हुकले ते एका गोलाने. तो एक गोल करणारा हात वैनगंगेकाठच्या एखाद्या शाळेत आज कबड्डी खेळत असेल. त्याच्या हाती चेंडू देणे आपल्या आवाक्यातले आहे.