एल पासोचे सात गडी

मराठीचा प्राध्यापक आणि बास्केटबॉल, ही सांगड ऐकली की पुष्कळांच्या भुवया वर चढतात. आमच्या स्टाफरूममधले भूगोलाचे प्राध्यापक तर एकदा भर बैठकीत म्हणाले, "तुमच्याकडे पाहून कॅरम वाटला होता हो!" त्यांचेही काही चुकले नाही. माझी उंची पाच फूट चार इंच. तरीसुद्धा कॉलेजात असताना मी तीन वर्षे बास्केटबॉलच्या संघात होतो. म्हणजे राखीव खेळाडूंच्या बाकावर होतो. त्या बाकावर बसून माझा खेळ काही सुधारला नाही. खेळ पाहण्याची नजर मात्र आली. आज वर्गात कवितेचे रसग्रहण शिकवतो, त्याची पहिली उमेदवारी मी त्या बाकावर केली.

प्रत्येक शौकिनाचा एक लाडका संघ असतो. माझा लाडका संघ माझ्या गावचा नाही, देशाचा नाही आणि माझ्या काळाचाही नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी एल पासो नावाचे शहर आहे. नदी ओलांडली की मेक्सिको. तिथल्या टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा १९६६ सालचा संघ, तो माझा संघ. पुढच्याच वर्षी त्या कॉलेजचे नाव बदलले. आज ते एल पासोचे टेक्सास विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये या संघाने केंटकी विद्यापीठाला ७२ विरुद्ध ६५ गुणांनी हरवले आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचे अजिंक्यपद मिळवले. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. २००६ साली 'ग्लोरी रोड' नावाचा चित्रपट निघाला, तो पाहून मी या संघाच्या नादी लागलो. मग खऱ्या सामन्याचे चित्रण मिळवले आणि ते इतक्या वेळा पाहिले की आमच्या सौभाग्यवती दारातूनच विचारतात, "काय, आज तरी निकाल बदलला का?"

या सामन्याची गोष्ट जगभर एकाच वाक्यात सांगतात: टेक्सास वेस्टर्नचे पाच कृष्णवर्णीय विरुद्ध केंटकीचे पाच गौरवर्णीय. गोष्ट खरी आहे, आणि लहानही नाही. अंतिम सामन्याला पाचही खेळाडू कृष्णवर्णीय घेऊन उतरणारा हा पहिला संघ. त्या दिवशी टेक्सास वेस्टर्नकडून जे सात जण खेळले ते सातही कृष्णवर्णीय. समोर ॲडॉल्फ रप यांच्यासारखा चार वेळा अजिंक्यपद मिळवलेला गुरू, आणि त्याचा संपूर्ण गोरा, देशात पहिल्या क्रमांकाचा संघ. केंटकी ज्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या गटात खेळत असे, त्या गटात त्या दिवसापर्यंत एकही कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू खेळला नव्हता. पुढे १९६७ साली व्हँडरबिल्टच्या पेरी वॉलेसने ते दार उघडले. या सामन्यानंतर पुष्कळ दारांच्या बिजागऱ्या सैल झाल्या, हे कोणीही नाकारणार नाही.

पण माझी एक तक्रार आहे. या गोष्टीत सात माणसांचा एक आकडा झाला. त्यांचा रंग सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि खेळ विसरला गेला. म्हणून या दिवाळीत मी या सातांना एकेक करून तुमच्यापुढे उभे करणार आहे. मास्तर आहे; दहापैकी गुण दिल्यावाचून मला राहवायचे नाही. आणि हा उद्योग मी इतक्या हट्टाने का करतो, त्यालाही एक कारण आहे. ते शेवटी सांगेन.

पहिला मान अर्थातच बॉबी जो हिलचा. मिशिगनकडचा पोरगा, उंची पाच फूट दहा इंच. या खेळात ही बुटक्यातच जमा. पहिल्या अर्धात केंटकीचा टॉमी क्रॉन चेंडू टप्पे मारत पुढे आणत होता. हिलने तो त्याच्या हातून असा काढून घेतला, की क्रॉनचा हात रिकामाच खाली गेला. हिल एकटा धावत गेला आणि बास्केट करून आला. काही क्षणांनी लुई डॅम्पियर चेंडू घेऊन आला, पुन्हा तेच! या लागोपाठच्या दोन चोऱ्यांनी सामना फिरला असे सगळे म्हणतात, आणि ते पटण्यासारखे आहे. कारण त्यानंतर केंटकीचे गडी चेंडू आणताना खाली पाहू लागले. हिलचे गुण वीस, दोन्ही संघांत सर्वांत जास्त. पण भक्ती आंधळी नसावी. त्याने सतरा फटके मारले, त्यांतले दहा चुकले. फ्री थ्रो नऊ मिळाले, त्यांतले तीन घालवले. म्हणून दहापैकी नऊ. २००२ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो गेला.

दुसरा डेव्हिड लॅटिन, ह्यूस्टनचा. साडेसहा फूट उंच, अंगाने भरभक्कम. सामना सुरू होऊन टाळ्या थांबल्याही नव्हत्या, तोच त्याने पॅट रायलीच्या डोक्यावरून चेंडू दोन्ही हातांनी कड्यात कोंबला. हाच रायली पुढे नामांकित प्रशिक्षक झाला. चित्रपटवाल्यांना लॅटिनचा हा डंक फार प्रिय. मला मात्र त्याचे दुसरे रूप आवडते. हा धिप्पाड गडी फ्री थ्रोच्या रेषेवर आला की देवघरात आल्यासारखा शांत होई. सहा फटके, सहा गुण. दहापैकी नऊ यालाही.

तिसरा ऑर्स्टन आर्टिस, इंडियानातल्या गॅरी या पोलादाच्या गावचा. वर्गात एखादा विद्यार्थी असतो. हात वर करत नाही, पण विचारले की उत्तर तयार. तसा हा. लांबून मारायचा सरळ, स्वच्छ फटका. अंतिम सामन्यात पंधरा गुण, पाचपैकी पाच फ्री थ्रो. पुढे तो गॅरीच्या पोलीस खात्यात गेला. साडेआठ, अर्धा गुण अक्षरासाठी, म्हणजे त्याच्या फटक्याच्या वळणासाठी.

चौथा हॅरी फ्लूर्नॉय, तोही गॅरीचाच. सामन्याच्या सुरुवातीलाच गुडघा दुखावून बाहेर बसला. त्याच्या नावावर दोनच गुण आहेत. पण परीक्षेच्या दिवशी आजारी पडलेल्या विद्यार्थ्याला वर्षभराच्या कामावरून गुण द्यावेत, असे माझे मत आहे. कड्यावरून परतलेला चेंडू झेलण्यात हा संघात अव्वल. त्या हंगामात दर सामन्याला सरासरी दहाहून अधिक. आठ.

पाचवा विली केगर, न्यूयॉर्कचा. फ्लूर्नॉय पडला तेव्हा हा उठला. बाकावरून उठून अंतिम सामन्यात उतरणे म्हणजे काय, हे बाकावर बसलेल्यालाच कळेल! पाय जड होतात, हात गार पडतात. केगरने सातपैकी सहा फ्री थ्रो घातले आणि आठ गुण केले. साडेआठ, आणि एका बाकवाल्याचा दुसऱ्या बाकवाल्याला नमस्कार.

सहावा विली वर्स्ली, तोही न्यूयॉर्कचा. उंची पाच फूट सहा इंच! याच्याबद्दल माझे मत निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा कोणी करू नये. केंटकीचा संघ चपळ होता. म्हणून प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी अंतिम सामन्याला उंच गडी बसवून या बुटक्याला सुरुवातीपासून उतरवले. गुण आठ केले, पण त्याहून मोठे काम म्हणजे हिल, आर्टिस आणि वर्स्ली या तिघा गार्डांनी केंटकीला श्वास घेऊ दिला नाही. माझ्याकडून दहापैकी दहा. तक्रार असल्यास पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा.

आणि वर्स्लीसाठी ज्याला बसवले तो सातवा, नेव्हिल शेड. सहा फूट आठ इंच. तापट स्वभाव. त्याच स्पर्धेत सिनसिनाटीविरुद्ध त्याने प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारला आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. तो सामना त्याच्या संघाने जादा वेळेत कसाबसा ७८ विरुद्ध ७६ असा जिंकला. हॅस्किन्स संतापले, पण पुढे त्यांनी शेडला पुन्हा खेळवले. अंतिम सामन्यात एक फटका, तो आत. एक फ्री थ्रो, तोही आत. तीन गुण. मी सात देतो. त्याचा आठवा गुण शेवटासाठी राखून ठेवला आहे.

आता मुख्य मुद्दा. कृष्णवर्णीय खेळाडू उड्या मारतील, धावतील. पण शिस्तीने खेळायचे म्हटले की गोंधळतील, त्यांना ताळ्यावर ठेवायला एखादा गोरा गडी बरोबर हवाच, असा त्या काळी अमेरिकेत सर्रास समज होता. शहाणीसुरती माणसेसुद्धा असे बोलत. या समजावर माझ्याकडे भाषण नाही, हिशेब आहे. त्या सामन्यात केंटकीने २७ बास्केट केल्या आणि टेक्सास वेस्टर्नने २२. म्हणजे दहा गुणांनी केंटकी पुढे. मग हरली कशी? तर फ्री थ्रोवर. फाउल झाला की पंधरा फुटांवरच्या रेषेवर एकट्याने उभे राहायचे, कोणी आडवा येत नाही, सगळे सभागृह पाहत असते, आणि एक गुण मिळतो किंवा जातो. धावणे नाही, उडी नाही. निव्वळ डोके थंड ठेवण्याचे काम. केंटकीने तिथे तेरापैकी ११ गुण घेतले आणि टेक्सास वेस्टर्नने चौतीसपैकी २८. सतरातून दहा वजा करा, सात उरतात. तेवढ्याच गुणांनी सामना जिंकला!

म्हणजे ज्या गोष्टीत हे कच्चे म्हणून जग सांगत होते, नेमक्या त्याच गोष्टीत त्यांनी बाजी मारली. हॅस्किन्स हे हेन्री आयबा यांचे शिष्य. बचाव आणि शिस्त यांवाचून त्यांना दुसरा देव ठाऊक नव्हता. इतिहास घडवायला आपण कोणाला उतरवले नाही, सर्वांत चांगले होते त्यांना उतरवले, असे ते जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या बाकावर जेरी आर्मस्ट्राँग नावाचा गोरा गडी होता. उपांत्य सामन्यात युटाचा जेरी चेंबर्स आग ओकत होता, त्याला आवर घालण्याचे काम याने केले. अंतिम सामन्यात मात्र त्याला उतरवले नाही. त्याचे नाव कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो.

आता ते राहिलेले कारण. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या निवडीचे काम माझ्याकडे आले. दुसऱ्या कोणाला नियम ठाऊक नव्हते एवढीच माझी पात्रता. रेल्वेफाटकापलीकडच्या वस्तीतला एक मुलगा निवडीला आला होता. चेंडू हातून काढून घेण्यात असा तरबेज, की आमचा कप्तान चिडला. कोणी तरी माझ्या कानाशी म्हणाले, "सर, फाटकापलीकडची पोरं चपळ असतात, पण टिकत नाहीत." मी त्याला जेमतेम दहा मिनिटे पाहिले आणि वहीत त्याच्या नावापुढे लिहिले, "चपळ. पण शिस्त नाही." दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मलाही त्यात काही वाटले नाही. उलट आपला अंदाज खरा ठरला असेच वाटले.

त्याच पावसाळ्यात एका रात्री मी पुन्हा हे चित्रण लावून बसलो होतो. हिलने क्रॉनच्या हातातून चेंडू काढला आणि मला तो मुलगा आठवला. हात तसाच खालून येत होता. शिस्त नाही हे मी कशावरून लिहिले? त्याला फ्री थ्रोच्या रेषेवर मी एकदाही उभे केले नव्हते. अमेरिकेतल्या त्या शहाण्यासुरत्या माणसांना मी मनातल्या मनात हसत आलो होतो. त्यांचेच वाक्य मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले होते.

तो मुलगा हल्ली एस. टी. स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. भेटला की "नमस्कार सर" म्हणतो. एकदा मी धीर करून म्हटले, "अरे, तेव्हा माझी चूक झाली." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कधी, सर?" त्याला आठवत नव्हते, की त्याने मला सोडवले, हे मला आजवर कळलेले नाही. त्याने माझा फोन दुरुस्त करून दिला, आणि त्याचे पैसे मात्र चोख घेतले. ते बरे वाटले.

निवडीचे काम अजून माझ्याकडेच आहे. आता मी पहिला आठवडाभर मुलांची नावे विचारत नाही. पाठीवर खडूने आकडे घालतो आणि फक्त पाहतो. प्रत्येकाला दहा फ्री थ्रो मारायला लावतो. नावे त्यानंतर.

असो. शेडचा राखलेला गुण द्यायचा आहे. अजिंक्यपद मिळाले की कड्याची जाळी कापून घ्यायची तिकडे रीत आहे, आणि त्यासाठी शिडी आणून देतात. त्या रात्री या संघासाठी शिडी कोणी आणली नाही. तेव्हा सहा फूट आठ इंचांच्या शेडने पाच फूट सहा इंचांच्या वर्स्लीला उचलून धरले, आणि वर्स्लीने जाळी कापली. ज्याच्यासाठी आपल्याला बसवले, त्यालाच त्याने वर चढवले.

आठ नव्हे, नऊ दिले.