उकळूनही न जाणारे नायट्रेट

विहिरीचे पाणी नितळ आहे, वास नाही, चवही बिघडलेली नाही. तान्ह्या बाळासाठी ते उकळून घेतले की काळजी मिटली, असे आपण समजतो. जंतूंच्या बाबतीत ते खरेही आहे. मात्र त्याच पाण्यात नायट्रेट असेल, तर ते उकळून जात नाही. उलट पाणी आटते, तसे त्याचे प्रमाण वाढते.

हे नायट्रेट बऱ्याचदा शेतातून येते. युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. जमिनीतील जिवाणू त्याचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. मातीचे कण अमोनियमला धरून ठेवतात, नायट्रेटला नाही. मुळांनी न घेतलेले नायट्रेट पावसाबरोबर झिरपत भूजलात उतरते. विहिरीजवळचा उकिरडा किंवा शोषखड्डा त्यात भर घालतो.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट असावे, असे भारतीय मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव या जिल्ह्यांत ही मर्यादा ओलांडणारे बरेच नमुने आढळले.

सर्वाधिक धोका असतो तो पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या, सहा महिन्यांखालील बाळांना. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातील हिमोग्लोबिन असे बदलते, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळाचे ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात. असे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये या आजाराचा विहिरीच्या पाण्याशी असलेला संबंध दाखवून दिला.

घरी काय करावे? पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. तुरटी आणि क्लोरीनचा इथे उपयोग नाही. आरओ यंत्र नायट्रेट बरेच कमी करते.

खरा उपाय मात्र बांधापलीकडे, शेतात आहे. माती तपासून मात्रा ठरवावी, युरिया एकदम न टाकता पिकाच्या वाढीप्रमाणे हप्त्याहप्त्याने द्यावा, मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकू नये. पिकाला न मिळालेल्या खताचे पैसे तर वाया जातातच. शिवाय तेच खत आपल्या विहिरीत उतरते.